रिकाम्या पाण्याला जेवण

"तूच म्हण ना, माझ्याकडून चुकलं म्हणून. काय बिघडतं?"

नवरा हे बोलला तेव्हा तिचा हात कोपरापर्यंत फिशटँकमध्ये बुडालेला होता आणि तळहातावर मेलेला मासा होता. या आठवड्यातला चौथा. कालपर्यंत नारिंगी, लठ्ठ, शेपटी हलवत फिरणारा. पाचवा, शेवटचा, वर येऊन पाण्याच्या कडेशी तोंड उघडझाप करत होता.

"काय म्हणालात?"

"अगं हळू. पोर उठेल."

"नाही, परत म्हणा. मला नीट ऐकायचंय."

नवरा बसवर ड्रायव्हर होता. गर्दीच्या रस्त्यावर समोरच्यानं कितीही आडवी गाडी घातली तरी हा बाबा कधी शिवी देत नसे. ब्रेक दाबून हसायचा. डेपोत त्याचं फार कौतुक. घरातही तो सगळ्यांशी तसाच वागायचा आणि त्याचा धक्का नेहमी मागे बसलेल्यालाच बसायचा.

"म्हणजे बघ," तो म्हणाला, "पोरीला काहीतरी सांगावं लागणारच. मावशीमुळे मेले म्हटलं तर मावशीवरून मन उडेल तिचं. आईकडचं दुसरं कोण आहे तिला? तुझं काय, तू घरातलीच. चार दिवस रुसेल, मग विसरेल."

तुझं काय! तिची तळपायाची आग मस्तकात गेली. या घरात येऊन तिला दुसरं वर्ष लागलं होतं. पोरगी सात वर्षांची, हुशार, हट्टी, आणि तिला कशानंच हाक न मारणारी. जवळ येऊन उभी राहायची आणि एकदम बोलायलाच लागायची. त्याबद्दल तिनं कधी चकार शब्द काढला नव्हता. मारील तेव्हा मारील हाक म्हणून वाट बघत बसली होती. आणि हा माणूस म्हणतोय, तुझं काय!

फिशटँक तिनं स्वतः केला होता. ती काचेच्या दुकानात कामाला. खिडक्यांच्या, आरशांच्या, शोकेसच्या काचा मापानं कापायच्या, कडा घासायच्या. पोरगी रोज शाळेतून येताना रंगीत माशांच्या दुकानासमोर रेंगाळते हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा तिनं मालकाला विचारून शोकेसचे उरलेले तुकडे घेतले. जेवणाच्या सुट्टीत कापले, घासले, सिलिकॉननं जोडले. पोरगी सुट्टीच्या दिवशी दुकानात स्टुलावर बसून बघत होती. हात न लावता बघायचं, अशी अट होती आणि तिनं ती पाळली.

माशांच्या दुकानातल्या म्हाताऱ्यानं मात्र पहिल्याच दिवशी मासे द्यायला साफ नकार दिला. "आधी पाणी तयार होऊ द्या," तो म्हणाला. "माशांची घाण पाण्यातच राहते. ती पचवणारे बारीक जंतू आधी तयार व्हावे लागतात. महिनाभर तरी फिल्टर चालू ठेवा आणि रोज चिमूटभर खाणं टाका."

"मासे नसताना?"

"मासे नसतानाच."

झालं! शेजारपाजारच्यांना विषयच मिळाला. बाई रिकाम्या पाण्याला जेवू घालते. नवऱ्यानं डेपोत सांगून सगळ्यांना हसवलं. पण पोरीला ते भारी आवडलं. रोज संध्याकाळी दोघी टाकीसमोर बसायच्या. पोरगी बोटांच्या चिमटीत खाणं धरून अगदी मोजल्यासारखं टाकायची आणि पाण्याकडे बघून म्हणायची, "जेवा सावकाश." मग ती शाळेतलं काहीबाही सांगत बसायची. ज्या पोरीच्या तोंडून वर्षभर कामाशिवाय शब्द निघाला नव्हता, ती त्या रिकाम्या टाकीसमोर बोलायला लागली होती. त्या महिन्याची तिला काय किंमत होती हे तिचं तिलाच माहीत.

महिना व्हायला आठवडा राहिला होता. त्या रविवारी वाऱ्यानं एका शाळेच्या खिडक्या फुटल्या आणि मालकानं तिला कामावर बोलावून घेतलं. जाताना तिनं नवऱ्याला दोनदा बजावलं, "टाकीत काही टाकू देऊ नका हो कुणाला. आत्ता मासे सोडले तर मरतील."

"अगं कोण टाकतंय!"

संध्याकाळी परत आली तर पोरगी दारातच नाचत होती. "मासे आले! मावशीनं आणले! पाच!"

मावशी म्हणजे पोरीच्या आईची धाकटी बहीण. वाईट नव्हती ती. बहीण गेल्यापासून भाचीवर जीव टाकायची. पण आल्या आल्या टाकी बघून म्हणाली होती, "हे काय भाऊजी, रिकामी काच दाखवताय पोरीला?" आणि तडक जाऊन पिशवीभर मासे घेऊन आली होती. टाकी भरल्यासारखी दिसत नाही म्हणून नळाचं ताजं पाणीही वरपर्यंत ओतलं होतं. नवरा तिथंच खुर्चीवर बसून होता. मूग गिळून गप्प.

"तुम्ही सांगितलं नाहीत त्यांना?" तिनं स्वयंपाकघरात गाठून विचारलं.

"अगं एवढ्या हौसेनं आणलेत तिनं. पोरीचं तोंड तर बघ."

पोरीचं तोंड तिनं बघितलं होतं. म्हणून तीही गप्प बसली आणि कामाला लागली. त्या दिवसापासून पाणी बादलीत काढून ठेवायचं, नळाच्या औषधाचा वास उडेपर्यंत एक दिवस मुरू द्यायचं, मग टाकीतलं थोडं काढून हे थोडं घालायचं. म्हाताऱ्याला विचारायला गेली तर त्यानं कपाळावर हात मारला. जिवाचं रान केलं तिनं, पण एकेक मासा आडवा होत गेला. आणि मंगळवारी मावशीचा फोन आला. नवऱ्याचा फोन जुना, त्यातलं बोलणं खोलीभर ऐकू यायचं.

"माझ्या ताईची मुलगी आहे ती," मावशी रडत होती. "मी जिवंत मासे आणून दिले, तेही तिनं मारले. शेवटी सख्खं ते सख्खं आणि सावत्र ते सावत्र!"

आणि नवरा काय म्हणाला? "जाऊ दे गं, मनाला लावून घेऊ नकोस."

एक शब्द नाही. तिनं नाही मारले, असा साधा एक शब्द त्याच्या तोंडून फुटला नाही. आणि आता वर हे!

"ऐका," ती म्हणाली. मेलेला मासा तिनं कागदावर ठेवला. हात पुसला नाही. "लोकांची फुटलेली काच मी बदलून देते, पण ती मी फोडली असं म्हणत नाही. तुम्हाला मावशीला दुखवायचं नाही, पोरीला दुखवायचं नाही, मग दुखायला मीच सापडले? का? मी दगडाची आहे?"

"तसं नाही गं..."

"तसंच आहे! आज म्हणते मी, माझ्याकडून चुकलं. उद्या ती पोर मला काय समजेल? जिनं आपले मासे मारले ती बाई. जन्मभर हेच घेऊन फिरायचं का मी तुमच्या घरात?"

आतल्या खोलीतून काहीच आवाज येत नव्हता. एव्हाना पोरगी शाळेसाठी उठायला हवी होती. ती बघायला गेली तर पोरगी गणवेश घालून, दप्तर पाठीला लावून, पलंगाच्या आणि कपाटाच्या मधल्या फटीत बसलेली.

"काय गं, इथं का बसलीस?"

पोरीनं मान वर केली नाही. "मी मारले," ती म्हणाली.

"काय?"

"मासे. मी खूप खाणं टाकलं. मावशी म्हणाली घाल सगळं, भुकेले आहेत. आणि म्हणाली, तिला सांगू नकोस, ती रागावेल." पोरगी श्वास घ्यायला थांबली. "आणि आधी पण टाकायचे मी. तू कामावर असायचीस तेव्हा. जंतूंना दुपारी भूक लागत असेल म्हणून. त्यामुळेच पाणी खराब झालं ना?"

ती खाली फरशीवर बसली. मघाचा राग कुठं गेला नव्हता, उलट वाढलाच होता. पण आता तो स्वतःसाठी राहिला नाही. तीन मोठी माणसं आपापलं मन सांभाळत बसली होती आणि एवढंसं पोर पहिला मासा मेल्यापासून मनातल्या मनात खुनाचा आरोप घेऊन शाळेत जात होतं, जेवत होतं, झोपत होतं. कुणाला पत्ता नाही. तिला स्वतःलाही नाही.

"अहो," तिनं हाक मारली. "इकडे या."

नवरा दाराशीच होता. त्यानं सगळं ऐकलं होतं, त्याच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

"सांगा तिला."

तो उकिडवा बसला. "हे बघ बाळा, मासे ना, ते देवाघरी..."

"ते नको," ती म्हणाली. "रविवारचं सांगा."

त्यानं तिच्याकडे बघितलं. गर्दीत ब्रेक दाबताना बघावं तसं, कुठून निसटता येतंय का ते. ती समोरून नजर हलवत नव्हती. निसटायला जागा नव्हती.

"तुझ्यामुळे नाही मेले," तो शेवटी म्हणाला. "पाणी तयार नव्हतं झालं. हिनं मला सांगून ठेवलं होतं, काही टाकू देऊ नका म्हणून. मावशीला ते माहीत नव्हतं."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मासे मरणार हे पण?"

"मरतील म्हणून सांगितलं होतं हिनं."

"मग तू मावशीला का नाही सांगितलंस?"

"तिला वाईट वाटलं असतं गं."

पोरीनं थोडा विचार केला. "आणि माशांना?"

पोरीच्या तोंडावरचं काहीतरी विझत गेलं. बाबा म्हणजे एवढी मोठी बस चालवणारा, सगळ्यांचा लाडका, कधीच न चिडणारा. आता ती त्याच्याकडे अशी बघत होती की जणू हा कोण माणूस आपल्या खोलीत बसलाय. रविवारपासून त्याच्या तोंडून खरं निघावं म्हणून त्याची बायको धुमसत होती. निघालं, तर तिला पोरीकडे बघवेना.

"एक आहे ना अजून?" पोरीनं तिला विचारलं.

"आहे. पण त्याला धाप लागलीय."

"मग काय करायचं?"

"अर्धं पाणी बदलायचं. आत्ता लगेच. कालचं मुरवलेलं आहे न्हाणीघरात."

पोरगी उठली. दप्तर पलंगावर टाकलं, गणवेशाच्या बाह्या वर सारल्या आणि एक छोटं भांडं घेऊन टाकीशी उभी राहिली. दोघी जपून जपून पाणी काढू लागल्या. मासा घाबरून कोपऱ्यात गेला की पोरगी हात थांबवायची. टाकी निम्मी झाली तेव्हा नवरा न्हाणीघरात गेला आणि भरलेल्या बादलीला त्यानं हात घातला.

"बाबा, तू नको," पोरगी तिथूनच म्हणाली.

तो बादलीची कडी धरून तसाच वाकून उभा राहिला. बायकोला वाटलं होतं, असा एक तरी क्षण यावा, याला कळावं. आता तो आला होता आणि तो वाकलेला माणूस काही तिच्यानं बघवला नाही.

"बादली जड आहे," ती पोरीला म्हणाली. "आणू दे त्यांना."

त्यानं बादली आणली. पोरगी त्याला जागा देण्यापुरती बाजूला सरकली. हातातलं भांडं मात्र तिनं त्याला दिलं नाही; बादलीत बुडवून तीच एकेक भांडं टाकीत सोडत राहिली.