बुवांची जांभळी बशी

"बुवा, माझ्या बाटलीत कोणता रोग आहे, सांगाल?"

बारावीतल्या त्या मुलीला एवढंच विचारायचं होतं. पण बुवांच्या भरल्या दालनात तिची बोबडी वळणार, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. वळली नाही.

मुंगीला शिरायला वाव नव्हता. प्रत्येकाच्या हातात सकाळच्या लघवीची बाटली. बुवा त्यातले चार थेंब बशीत घेत, आम्ल टाकत, पांढऱ्या पुडीतली चिमूट सोडत, दिव्यावर बशी कोरडी करत आणि उग्र वासाच्या कुपीवर धरत. बशी जांभळी! हाडातलं विष वर आलं, असं बुवा घोगऱ्या आवाजात सांगत आणि लोकांचे डोळे भरून येत. आजवर एकाचीही बशी कोरी राहिली नाही, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

महिन्यापूर्वी तिच्या बाबांची बशी जांभळी झाली, आणि त्यांनी डॉक्टरांच्या संधिवाताच्या गोळ्या कचऱ्यात टाकल्या. पायाचा अंगठा टोमॅटोसारखा सुजला, चादरीचा स्पर्शही सोसवेना. तरी विष बाहेर पडतंय म्हणून स्वारी खूश. आता ते आईशेजारी, एकाच पायात चप्पल घालून, लेकीकडे कौतुकाने बघत होते.

तिची बशी गर्द जांभळी झाली.

"अरेरे," बुवा हळहळले, "एवढंसं वय, आणि सात वर्षांचं मुरलेलं विष."

तिने बाटली परत घेतली, झाकण उघडलं आणि उरलेलं गटागटा पिऊन टाकलं. अख्खं दालन शहारलं. आई तर उठून उभीच राहिली.

"बस गं आई. चहा आहे. बिनदुधाचा, सकाळी तूच केलेला."

मग तिची गाडी सुटलीच. रसायनशास्त्राच्या बाईंनी फळ्यावर मांडलेलं रेणूंचं घराणं तिने घडाघडा सांगितलं. अणूंच्या षटकोनाला पंचकोन चिकटला की प्यूरिन. त्या घरच्या ॲडेनिन आणि ग्वानिन यांना साखर जोडली की होतात न्यूक्लिओसाइड. ते आपल्या पेशीपेशीत असतात. त्यांची मोडतोड झाली की उरतं युरिक आम्ल. चहातलं कॅफीन त्याचं चुलत भावंड. त्या पुडीने आणि कुपीने दोघंही जांभळी होतात. युरिक आम्ल ठणठणीत माणसाच्याही लघवीत असतं. ते रक्तात फार साचलं, तरच बाबांसारखा अंगठा सुजतो; आणि किती साचलंय, हे रक्त तपासूनच कळतं.

"म्हणजे आमची किटली आजारी म्हणायची?" पुढेच बसलेल्या एका निवृत्त पोस्टमनने विचारलं, आणि हशा पिकला. त्याने बुवांचाच चहाचा कप पुढे सरकवून, आता याची बशी करा, म्हटलं. बुवांना नेमकं तेव्हाच ध्यानाची वेळ झाल्याचं आठवलं.

घरी आल्यावर बाबा खुर्चीत टेकले, सुजलेल्या अंगठ्याकडे बघत पुटपुटले, "पण रंग तर खरा होता ना गं."

"रंग खराच होता, बाबा. त्याचा अर्थ खोटा होता. डोळ्यांनी दिसलं, तरी 'कशामुळे' हे विचारायचंच." तिने आईकडेही पाहिलं. "मी ठरवलंय. आत्ता आपण तिघं डॉक्टरांकडे जातोय. आणि रविवारी बाईंना घेऊन त्याच दालनात मी बशी मांडणार. येताना सगळ्यांनी आपापला चहा आणायचा."