चिकातला भात

डेल्फिन किंगबर्डच्या पुढ्यात वाडगा आला आणि तिला शिसारीच आली. तळ्यातला जंगली भात शिजला की कसा दाणा फुटून उमलतो, धुराचा वास सुटतो. हा नुसता राखाडी लगदा होता, ओल्या गोणपाटाच्या वासाचा.

"घे ना आत्या, सगळे खोळंबलेत," लीलंड म्हणाला. यंदा तळ्याच्या समितीचा प्रमुख झाल्यापासून भाचा दात काढत फिरत होता. नव्या शर्टाची घडीसुद्धा मोडली नव्हती मेल्याची. मागे मिनिॲपोलिसचे पाहुणे कॅमेरे सरसावून उभे होते.

त्या ओजिब्वे आदिवासींच्या वस्तीत पहिल्या भाताचा पहिला घास तळं राखणाऱ्या म्हातारीचा. तिने खाल्ला की सगळ्यांनी जेवायचं आणि भात झोडायला महिनाभर तळ्यात होड्या घालायच्या. तिने वाडगा सारला की तळं बंद. एकवीस वर्षं हा मान डेल्फिनचा होता. वाडगा सारायची वेळ कधी आली नव्हती.

सकाळीच ती काठावर जाऊन आली होती. बघवेना. पिकलेला दाणा काठीने नुसता गोंजारला तरी होडीत पडतो. थोडा पाण्यात पडतो, तो पुढच्या वर्षाचा. इथे तर आजच्या जेवणासाठी बडवबडव बडवलं होतं. मोडके देठ पाण्यात कुजत होते, वर माश्या घोंगावत होत्या. तिने एक दाणा नखाने दाबला तर पांढरा चीक बाहेर आला.

"कुणी सांगितलं रे तुला तळं उघडायला? पाहुणे शनिवारी येणार म्हणून भाताने पिकायचं होय?"

लीलंडचे दात मिटले. तो वाकून तिच्या कानाशी आला.

"तूच सांगितलंस आत्या. सोमवारी फोन केला होता, भात पिकलाय का बघायला येतेस का म्हणून. तू म्हणालीस, गुडघा धरलाय, मॅच लागलीय, दरवर्षी याच सुमारास पिकतं की, उघड."

डेल्फिनला सगळं आठवलं. तिला स्वतःचीच किळस आली. मॅचसुद्धा भिकार होती.

आता वाडगा सारला तर सगळी वस्ती लीलंडच्या तोंडावर थुंकणार. तिने चमचा उचलला. लगदा टाळूला चिकटत होता, तरी तिने वाडगा चाटूनपुसून संपवला. लोक पातेल्याकडे सरकले.

"थांबा," ती म्हणाली. "पातेल्याला कुणी शिवायचं नाही. तळं बंद. देठांवर उरलंय ते पिकून पाण्यात पडू द्या. आणि लीलंडला बोल लावू नका. बघायला जायचं काम माझं होतं, मी खुर्चीतून उठले नाही. पुढच्या वर्षी दुसरी कुणीतरी बघा."

मार्व्हेलाने हिवाळ्याच्या बेगमीसाठी आणलेली रिकामी पोती घडी घालून काखेत मारली. पाच नातवंडं होती तिच्या घरात. दरवर्षी जेवणं झाली की तीच डेल्फिनला हाताला धरून उठवायची. आज ती तशीच निघाली, आणि तिच्यामागून बाकीचेही.

डेल्फिनने टेबलाचा आधार घेतला. गुडघा खरंच धरला होता.