रिमोटवरची टिकली

जयमालाबाईंनी कपाळावरची टिकली काढली, रिमोटच्या मधल्या बटणावर चिकटवली आणि अंगठ्याने दाबून नीट बसली की नाही ते पाहिले. आधीची टिकली घासून घासून सकाळीच गळून पडली होती, आणि आज नेमका मुलगा घरी आलेला होता. स्वयंपाकघरातून त्याची चाहूल लागताच त्यांनी रिमोट पदराखाली घेतला.

प्रसेनजित हात पुसत बाहेर आला. पुण्याच्या ज्या कंपनीत तो नोकरीला होता, ती घरोघरच्या टीव्हीवर आणि मोबाइलवर सिनेमे दाखवणारे एक अ‍ॅप चालवीत असे. त्या अ‍ॅपच्या पडद्यावर कोणत्या चित्राचा चौकोन कोठे असावा, अक्षरे केवढी असावीत, हे ठरवणे हे त्याचे काम. आता त्याने पडद्याची नवी मांडणी सिद्ध केली होती. ती जगापुढे जाण्याआधी आपल्या घरी, आपल्या माणसांच्या हातून पारखून घ्यावी, या इच्छेने तो खामगावला आला होता.

"म्हंजे तुले पगार कायचा भेटते बे?" पलंगावर बसलेले इंद्रभानभाऊ म्हणाले. "इकडचे डबे तिकडं ठेवाचा?"

"हो बाबा. डबा कुठं ठेवला म्हंजे मानसाच्या हाताले लवकर लागते, ते पाहा लागते."

"ते तं तुही माय फुकटात करते."

तिघेही हसले. इंद्रभानभाऊंची उमर जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधण्यात गेली होती, आणि सिनेमाचा नाद त्यांना तेव्हापासूनचा. पुढे काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. ऑपरेशन झाले, परंतु गेलेला उजेड परतला नाही. तेव्हापासून रोज जेवणे आटोपली म्हणजे जयमालाबाई त्यांच्या शेजारी बसत आणि पडद्यावर जे जे दिसेल ते सांगत. संवाद ते स्वतः ऐकत, चित्र बाईंच्या तोंडून पाहत.

"तू आला हायेस तं इचारतो," इंद्रभानभाऊ मुलाकडे तोंड करून म्हणाले. "वर्सभरापासून सिनेमातल्या साऱ्या बाया मोरपंखी साडीच नेसून राह्यल्या. दुकानात दुसरा रंग बंद झाला का?"

"फॅशन हाये," जयमालाबाई झटकन म्हणाल्या.

त्यांच्याही डोळ्यांवर वर्षापासून पडदा धरला होता. दुधावर साय धरावी तसा तो आला, रोज थोडा थोडा जाड होत गेला, आणि आता टीव्हीच्या जागी त्यांना एक उजेडाचे धुके तेवढे दिसे. हे त्यांनी कोणाजवळ बोलून दाखवले नव्हते. ऑपरेशनला त्या भीत, कारण धन्याच्या डोळ्यांचे काय झाले ते त्यांनी पाहिले होते. त्याहून मोठे भय निराळेच होते. हिला दिसत नाही असे कळले तर हा माणूस उद्यापासून म्हणेल, राहू दे, मला सिनेमा नको. मग ती संध्याकाळची एक घटका, तेवढीच दोघांची, तीही जायची. म्हणून त्या बांगड्यांच्या आवाजावरून बाई ओळखत, खोकल्यावरून म्हातारा ओळखत, आणि उरलेले मनाने रंगवून सांगत. साडीचा रंग सुचला नाही की मोरपंखी सांगत. लग्नानंतर इंद्रभानभाऊंनी पहिल्या पगारात त्यांना तीच आणली होती.

"माय, नवी मांडनी टीव्हीवर टाकली. आता तू चालव," प्रसेनजित कागद-पेन घेऊन खुर्चीवर बसला. "काल अर्धा राह्यलेला सिनेमा लाव. मी मधात बोलनार नाही. अन चुकलं तं तुही चूक नाही, माही हाये."

जयमालाबाईंनी पदराखालून रिमोट काढला. खाली, खाली, मग उजवीकडे, मग टिकली. ही वाट त्यांच्या अंगठ्याला पाठ होती. धुक्यात काहीतरी हलले आणि गोड वाजप सुरू झाले.

"काय चाललं वो?" इंद्रभानभाऊंनी विचारले.

"बाई हाये. आंगनात उभी हाये. मोरपंखी साडी."

"मंग?"

"मंग काय, वाट पाहून राह्यली. घडीघडी फाटकाकडं पाह्यते."

कागदावरून सरसर चाललेले पेन थांबल्याचे जयमालाबाईंना ऐकू आले. तेवढ्यात वाजप मंदावले आणि टीव्हीतून एका पुरुषाचा भारदस्त आवाज आला, "खोल समुद्राच्या तळाशी, जिथे सूर्यकिरणही पोहोचत नाहीत, तिथे राहतात हे मासे."

जयमालाबाईंचा अंगठा टिकलीवरच राहिला.

"बाई मासे पाह्याले गेली असन," इंद्रभानभाऊ शांतपणे म्हणाले.

प्रसेनजित उठला. "माय, हे माहं चुकलं. मीच डबा हालवला. तुहा सिनेमा जठी होता तठीच ठेवतो." त्याने आईच्या हातातून रिमोट घेतला आणि त्याचे बोट मधल्या बटणावर अडखळले. "हे टिकली बाबासाठी लावली का?"

"हो. त्याईच्यासाठीच."

इंद्रभानभाऊंनी आजवर रिमोट कधी हातात धरला नव्हता, हे घरातल्या तिघांनाही ठाऊक होते. प्रसेनजितने सिनेमा शोधून लावला, क्षणभर थांबवला, आणि खिशातून कानात घालायचे एक लहानसे यंत्र काढले.

"बाबा, नव्या मांडनीत एक सोय केली. पडद्यावर जे जे दिसते, ते एक बाई कानात सांगते. पाह्यता का घालून?"

"त्याईले कानात घातलेलं जमत नाही," जयमालाबाई म्हणाल्या. त्यांचा स्वर नको तेवढा चढला होता.

"दे बरं इकडं," इंद्रभानभाऊंनी हात पुढे केला.

यंत्र त्यांच्या कानात बसवून प्रसेनजितने सिनेमा सुरू केला आणि रिमोट पलंगावर ठेवला. जयमालाबाई पदराचे टोक बोटाला गुंडाळीत बसून राहिल्या. आज त्यांच्याकडे सांगण्यासारखे काही उरले नव्हते. कानातली ती शिकलेली बाई आता खरेखुरे सांगत असेल, आणि वर्षभराचा लटका संसार एकेक करून उघडा पडत असेल. त्यांनी उठून भांडी घासायला जावे असा विचार केला आणि पलंगाच्या काठावर हात टेकला.

"कुठं चालली? इकडं सरक."

"काऊन?"

"सरक म्हन्लं नं."

त्या सरकल्या. इंद्रभानभाऊ त्यांच्याकडे झुकले, आणि देवळात शेजारच्याशी बोलावे तशा हळू आवाजात सांगू लागले.

"नदी हाये. पानी आटेल हाये. पलीकडं एक पोट्टा सायकल धरून उभा हाये. हँडलले पिशवी लटकून राह्यली." ते थांबले, कान देऊन ऐकले. "आता चप्पल हातात घेतली त्यानं. पान्यात उतरून राह्यला."

जयमालाबाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिले. इतक्या जवळचे तोंड त्यांना अजून दिसत होते. त्या तोंडावर राग नव्हता. लहानपणी गोष्ट सांगताना माणसाच्या चेहऱ्यावर जी गडबड असते, ती होती.

"अलीकडच्या काठावर बाई आली," ते म्हणाले. "डोक्शावर भारा हाये."

जयमालाबाईंनी हळूच विचारले, "साडी कोन्त्या रंगाची हाये?"

कानातली बाई काय म्हणाली ते तिला आणि इंद्रभानभाऊंना माहीत.

"मोरपंखी," ते म्हणाले.

समोरच्या धुक्यात एक लालभडक डाग हळूहळू सरकत होता. जयमालाबाईंनी तो डोळे बारीक करून पुन्हा एकदा पाहिला.

"खोटं काऊन बोलता वो," त्यांचा आवाज ओला झाला. "लाल हाये. तेवढं दिसते मले."

प्रसेनजितची खुर्ची करकरली.

"अन बाकीचं?" इंद्रभानभाऊंनी विचारले.

जयमालाबाईंनी रिमोट चाचपून घेतला, धन्याच्या हातात दिला, आणि त्यांचा अंगठा टिकलीवर नेऊन ठेवला.

"उद्या पोरगा नेते मले डोयाच्या डाक्टरकडं," त्या म्हणाल्या. "तवरक बाकीचं तुमी सांगा."