वकिलाचं बलुतं

गुंडेराव वकिलांचं डोकं झकास चालायचं, पण वकिली काही चालत नव्हती. आता याला काय म्हणावं! हुमनाबादच्या बाजारातले छोटे दुकानदार रोज त्यांच्या ओसरीवर यायचे, चहा प्यायचे, भांडण सांगायचे, आणि गुंडेराव ते तिथल्या तिथं मिटवून द्यायचे. वकिलाला मेहनताना द्यायचा तो कोर्टात उभं राहिल्यावर, अशी तेव्हाची रीत. कोर्टाची पायरी चढायची वेळच येईना, मग द्यायचं कशाचं?

शेवटी त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की सालाची एक रक्कम ठरवू, मग वर्षभर हवं तेव्हा या. तेलाचा घाणा चालवणारे माणिकप्पा म्हणाले, खटला नसताना वकिलाला पैसे देणं म्हणजे दुखणं नसताना वैद्य बोलावणं, अपशकुनच की. चहा पिऊन सगळे गेले. गुंडेराव इतके वैतागले, की वकिली सोडून गुलबर्ग्याला कारकुनी धरतो, असं त्यांनी बायकोला सांगून टाकलं.

सत्यभामाबाईंना गाव सोडायचं नव्हतं. त्या म्हणाल्या, "सुताराला कुणी इचारतंय का, यंदा नांगर मोडला का न्हाई म्हणून? सुगीला बलुतं देत्यातच की. तुम्ही बलुतं मागा."

वकील भडकले. हैदराबादेत परीक्षा पास झालेला माणूस सुतार-न्हाव्याच्या रांगेत बसणार? त्यांनी अबोला धरला. पण बाई कसल्या ऐकतात! त्या माणिकप्पांच्या बायकोकडं, बसम्माकडं गेल्या, आणि बसम्मानं ही गोष्ट बाजारभर केली. बलुतं म्हटल्यावर कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. आज्या-पणज्यापासून देत आलेली माणसं ती. सुगी सरली तशी ओसरीवर तूर आली, गूळ आला, तेलाचा डबा आला, धोतरजोडी आली. गुंडेरावांनी तोंड वाकडं केलं, पण सगळं घरात घेतलं.

मग एके दिवशी गुलबर्ग्याचा एक बडा अडत्या मोटारीतून उतरला. त्याला माणिकप्पांच्या घाण्याची जागा हवी होती. खोटानाटा दावा लावायला इथलाच वकील पाहिजे होता. त्यानं मेहनताना सांगितला तो गुंडेरावांनी मनातल्या मनात दोनदा मोजला. वर्षभर घर चाललं असतं त्यात, वर जिंकल्यावर बक्षिसी वेगळी. आतल्या दाराशी सत्यभामाबाई कान देऊन उभ्या.

"न्हाई जमायचं, शेठ," गुंडेराव म्हणाले.

"कामून? त्या माणिकप्पाचं वकीलपत्र हाय का तुमच्याकडं?"

"वकीलपत्र न्हाई. मी त्यांचा बलुतेदार हाय."

अडत्या पोट धरून हसला. हसू दे मेल्याला! शब्द तोंडातून निघून गेला होता आणि गुंडेरावांना त्याची तिळभर लाज वाटली नव्हती; उलट छाती भरून आली होती. मोटार धुरळा उडवत गेली, तशी त्यांनी टोपी चढवली, पायांत वहाणा सरकवल्या आणि माणिकप्पांना सावध करायला भर उन्हात घाण्याकडं निघाले. वकील काही अशिलाच्या दारी जात नसतो. बलुतेदार जातो.