वखारीचं दार

सौरव नावाचा तो बेळगावचा पत्रकार तिसऱ्यांदा दारात आला, तेव्हा पद्माक्कानं त्याला बसासुद्धा म्हटलं नाही. कशाला म्हणायचं? निपाणीत काही लपून राहतं होय! गेल्याच गुरुवारी तो वखारीच्या मालकांच्या ऑफिसात चहा ढोसत बसलेला तिच्या जावेनं पाहिला होता.

वखार तंबाखूची. वर्षापूर्वी एका संध्याकाळी तिला आग लागली आणि आत रखवालीला असलेला पद्माक्काचा नवरा गुंडाप्पा गेला. मालक म्हणाले, दार उघडंच होतं, म्हातारा झोपेत राहिला त्याला कोण काय करणार. पोलिसांनी तेच लिहून घेतलं. माल चोरीला जाऊ नये म्हणून दिवाणजी रोज बाहेरून कुलूप घालून जायचा, हे पद्माक्का घसा कोरडा होईपर्यंत सांगत राहिली. ऐकतंय कोण! गावानं तर वर तिखटमीठ लावलं, पिऊन पडला असेल म्हणून. दिवस मावळल्यावर पाण्याचा घोटही न घेणारा माणूस, त्याच्याबद्दल हे! ते बोलणं तिला अजून झोपू देत नव्हतं.

सौरवचं म्हणणं असं, की त्यानं ती वखार जशीच्या तशी कम्प्युटरवर उभी केली आहे. डोळ्यांवर एक डबडं बांधलं की माणूस थेट वखारीत उभा राहतो, चालतो, मागं वळून बघतो. बातमी वाचायची नाही, बातमीत शिरायचं. बंगळूरला तो ती मोठ्या लोकांना दाखवणार होता. त्याआधी घरच्यांनी बघून सही करावी, एवढंच. मुलगी दिव्या लगेच पाघळली. पद्माक्काला मात्र यात कुठंतरी पाणी मुरतंय असंच वाटत राहिलं. पण बघितल्याशिवाय त्यात काय घातलंय ते कळणार कसं? म्हणून ती गेली.

बस्तीच्या, म्हणजे जैन देवळाच्या शेजारच्या हॉलातल्या खुर्च्या बाजूला सारल्या होत्या. दिव्यानं डबडं बांधलं आणि अगं बाई, समोर वखारच की! छपरापर्यंत रचलेली पोती, कोपऱ्यातला माठ, खुंटीवरचा गुंडाप्पाचा टॉवेल. मग धूर यायला लागला.

ती आधी खिडकीकडं वळली. गज होते. रोज पाचच्या ठोक्याला ती याच खिडकीशी यायची. दिवस मावळायच्या आत त्याचं जेवण व्हायला हवं, आणि दाराला तर कुलूप. गजांतून डबा शिरत नाही, म्हणून भाकरीत सुकी भाजी घालून, फडक्यात गुंडाळून आत सरकवायची. बारा वर्षं हेच.

मग ती मागं वळली. तिथं दार होतं, सताड उघडं, पलीकडं रस्ता दिसत होता. हात पुढं करून ती चालू लागली. आठ-दहा पावलं झाली असतील. पाठीमागं आग भडकली होती आणि ती रस्त्यावर उभी होती, पदराला ठिणगीसुद्धा न लागता.

डबडं तिनं स्वतःच काढलं. दार उघडं होतं हे कुणी सांगितलं, असं तिनं विचारलं. मालकांनी, सौरव म्हणाला, आणि फोटोतही उघडंच आहे. फोटो आग विझल्यावरचा ना, दिव्यानं विचारलं. त्यानं तो फोटो पुन्हा उघडून बघितला.

"माझं गुडघं गेल्यात," पद्माक्का म्हणाली. "तरीबी तुझ्या आगीतनं मी चालत भायेर आले. मग माझा धडधाकट माणूस का न्हाय आला?"

सौरव खाली बघत राहिला. चोर असता तर काहीतरी बडबडला असता, हे तिला पहिल्यांदाच जाणवलं. म्हणून राग निवला असं नाही. भाकरी गजांतून का द्यायला लागायची ते तिनं त्याला सगळं सांगितलं आणि कागद सही न करता परत दिला. काय बदलू, असं त्यानं हळूच विचारलं.

"दाराला भायेरनं कुलूप घाल," ती म्हणाली. "आणि पयल्यांदा मालकास्नी आत उभं कर."