राखेच्या पियाल्यात गोळ्या

मी पियाला बोलतोय. फार मोठ्याने बोलवत नाही आता, तेवढं सांभाळून घ्या.

माझी माती रिश्तानची, कुंभारांच्या गावची. एर्गश न्हाव्याच्या लग्नात मी भावंडांबरोबर या घरी आलो. पाहुण्यांना माझ्यातून चहा मिळे, तोही अर्धाच. काठोकाठ भरला, तर 'आता उठा' असा अर्थ होतो. पुढे माझ्या काठाचा टवका उडाला. असला पियाला कुणी पाहुण्यापुढे ठेवत नाही, म्हणून एर्गशने मला राखेसाठी घेतलं. वर्षानुवर्षं त्याच्या सिगारेटी माझ्या पोटात विझल्या.

मग डॉक्टरांनी दम भरला आणि त्याने सिगारेट सोडली. घरात पुलाव शिजला, गल्लीने त्याची पाठ थोपटली. मला घासून फळीवर ठेवलं. वाटलं, सुटलो एकदाचा.

सुटलो कसला! एर्गश दुकान उघडेना, जेवेना, भिंतीकडे तोंड करून पडून राही. मित्र म्हणत, एक झुरका मार, ताळ्यावर येशील. बायकोला, ओयदिनला, वाटलं नजर लागली. तिने माझ्यात निखारा ठेवला, त्यावर इसिरिकचा वाळका पाला टाकला आणि दृष्ट काढायला तो धूर नवऱ्याभोवती फिरवला. बिचारीला काय कळणार? धुरासाठी तळमळणाऱ्याला तिने धूरच दिला होता. एर्गशने मला तिच्या हातातून ओढलं, तो धूर छातीत भरून घेतला आणि ढसाढसा रडला.

"ओयदिन, मला जगावंसंच वाटत नाही गं."

तिने निखाऱ्यावर पाणी ओतलं आणि त्याच दिवशी त्याला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई म्हणाल्या, तंबाखू सुटल्यावर काहींचं मन असं ढासळतं. हा आजार आहे. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतील, पण आपल्या मनाने बंद करू नका.

गोळ्या माझ्यात आल्या आणि मी रजयांच्या ढिगामागे गेलो. विचारलं तर ओयदिन सांगे, रक्तदाबाच्या आहेत. सुरुवातीला काहीच फरक पडेना. एर्गश गोळी गिळे आणि पुन्हा आडवा होई. मीही कंटाळलो. मग एका सकाळी त्याने विचारलं, जर्दाळू पिकले का? ओयदिन चुलीपाशी तोंड फिरवून रडली.

परवा त्याचा मित्र खामिद आला. गोळी घेऊन एर्गशने मला जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानवरच ठेवलं होतं. खामिदने जुन्या सवयीने माझ्यात राख झटकली.

"अरे, त्यात माझं औषध आहे," एर्गश म्हणाला.

"रक्तदाबाचं," ओयदिन घाईने म्हणाली.

"नाही. उदासीचं. ते नसतं, तर आज तुझ्यासमोर बसलो नसतो, खामिद."

खामिद सिगारेट घेऊन अंगणात गेला. बऱ्याच वेळाने आत आला, खाली बघत बसला.

"लेका, त्या गोळ्यांनी झोप लागते का रे?"

एर्गशने त्याला अर्धा पियाला चहा ओतला आणि डॉक्टरीणबाईंचा पत्ता सांगितला.

मी थकलोय, टवकाही भरून येणार नाही. एवढंच मागतो, पाहुणे आले म्हणून मला पुन्हा रजयांमागे ढकलू नका. त्यांच्यातलाही कुणी मला शोधत असेल.