एकशे बारा व्हॉल्व्हांची फाईल

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे. पुठ्ठ्याची नव्हे, संगणकातली. माझ्यात चित्रं नाहीत, रंग नाहीत. नुसती अक्षरं आहेत, एकशे बारा ओळी.

मला चावीकाकांनी लिहिलं. पाणीपुरवठा कार्यालयात ते चावीवाले होते. रस्त्याखालचा कोणता व्हॉल्व्ह कुठे आहे आणि कसा फिरतो, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. निवृत्तीआधी ते रोज दुपारी कार्यालयातल्या एकुलत्या एका संगणकापुढे बसत आणि एका बोटाने टाइप करत. साहेब म्हणत, "काका, ही फाईल म्हणजे तुमचं डोकंच की!" मी फुलून जायचे.

काका निवृत्त झाले आणि वर्षभरात गेलेही. तो संगणक भंगारात गेला. मला नव्या संगणकावर आणून 'जुनं' नावाच्या फोल्डरमध्ये टाकलं. पुढे कोणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

मग एके सकाळी मोठी पाइपलाइन फुटली. पाणी रुग्णालयाच्या तळघरात शिरलं. बाहेरची वीज आधीच बंद करावी लागली होती. वर शस्त्रक्रिया चालू होती ती तळघरातल्या जनरेटरवर.

पाणी तोडणारा व्हॉल्व्ह शोधायला साहेबांनी घाईघाईने मला उघडलं. पडद्यावर टोप्या घातलेली परकी अक्षरं, चौकोन आणि प्रश्नचिन्हं उमटली.

"खराब झालीय ही!" साहेब ओरडले. ते मला बंद करायला गेले, तर संगणकाने विचारलं, बदल जतन करायचे का? त्यांचं बोट 'हो'कडे वळलं.

मित्रांनो, मी खराब झाले नव्हते. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कोणत्या आकड्याचं कोणतं अक्षर, हे ठरवणाऱ्या तक्त्याला एन्कोडिंग म्हणतात. नवा संगणक मला भलत्याच तक्त्याने वाचत होता. माझे आकडे शाबूत होते. पण मला तसंच जतन केलं असतं, तर न ओळखलेल्या प्रत्येक अक्षराच्या जागी कायमचं प्रश्नचिन्ह बसलं असतं.

"साहेब, थांबा! हात लावू नका!"

ही चावीकाकांची सून. त्याच कार्यालयात ती प्रोग्रॅम लिहायची. तिने मला जतन न करता बंद केलं आणि आधी माझी प्रत काढली. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे काकांसोबत काम केलेला फिटर होता.

"सूनबाई, पाणी जनरेटरच्या खाली वीतभर राहिलंय. व्हॉल्व्ह कुठाय? झाकणच दिसत नाही!"

"दोन मिनिटं, दादा. फोन ठेवू नका."

तिने एक तक्ता लावून पाहिला. चौकोन. दुसरा लावला. अक्षरं आली, पण अर्थ लागेना. साहेब येरझाऱ्या घालू लागले. मग तिने अक्षरांचा नाद सोडला आणि माझे नुसते आकडे उघडले. जवळजवळ प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तेच नऊ आकडे होते, आणि त्यातले पहिले तीन शेवटी पुन्हा आले होते.

"व्हॉल्व्ह," ती पुटपुटली. "सुरुवातीला व्ह, शेवटी व्ह. बाबांनी प्रत्येक ओळ याच शब्दाने सुरू केलीय!"

त्या आकड्यांना 'व्ह' देणारा तक्ता तिने शोधला. जुन्या संगणकाचाच निघाला. प्रोग्रॅममध्ये त्याचं नाव लिहिलं, आणि मी बोलू लागले.

"दादा, ऐका. रुग्णालयामागे, भिंतीच्या कोपऱ्यापासून पाच पावलं. झाकण डांबराखाली आहे."

पहारीचे घाव ऐकू आले. "सापडलं! फिरवतोय..."

"उजवीकडे नको!" ती किंचाळली. "उलटा फिरतो. बाबांनी लिहिलंय, जोर लावला तर दांडा मोडेल!"

लोखंड करकरलं. साहेब खुर्चीची पाठ घट्ट धरून उभे होते.

"थांबलं," फिटर म्हणाला. "सूनबाई, पाणी थांबलं."

तिने पदराने चष्मा पुसला आणि मला शेवटपर्यंत वाचलं. माझ्या एकशे बारा ओळींखाली आणखी तीन ओळी होत्या, नुसती प्रश्नचिन्हं. त्या काकांच्या दुसऱ्या छोट्या फाईलमधल्या. कोणीतरी ती चुकीच्या तक्त्याने उघडून जतन केली आणि माझ्याखाली चिकटवली होती. मूळ फाईल जुन्या संगणकाबरोबर भंगारात गेली.

मित्रांनो, अक्षरं परकी दिसली तर फाईलला बोल लावू नका. आधी प्रत काढा, एन्कोडिंग शोधा, आणि तोवर जतन करू नका. ते तीन व्हॉल्व्ह अजून कुठल्यातरी रस्त्याखाली आहेत. फिटर सळईने जमीन ठोकत ते शोधत फिरतो. मला सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं! पण त्या ओळी माझ्यापर्यंत आल्या त्याच प्रश्नचिन्हं होऊन; त्यांत काय होतं, ते मलाही ठाऊक नाही.